कवळीबरोबर आलेली चिठ्ठी

गिरगावात माझी दातांची लॅब होती. डॉक्टर कसा आहे हे आम्हाला त्याच्या बोर्डावरच्या पदव्यांपेक्षा मापाबरोबर आलेल्या चिठ्ठीवरून लवकर कळे. ‘वरखाली पूर्ण संच, शेड ए-थ्री, शनिवारी पाहिजे’ एवढ्यावर भागवणारे पुष्कळ. एखादा खाली लिही, ‘बाई शिक्षिका आहेत, स आणि फ नीट उमटले पाहिजेत.’ त्याचं काम आम्ही आधी हातात घ्यायचो, उगाच कशाला खोटं बोलू.

पण दोन माणसांमध्ये चिठ्ठी लागावी, ही वेळ मुंबईत तशी उशिराच आली. आधी दाढ दुखली की न्हावी नाहीतर वैदू. मग चिनी दातवाले आले, बहुतेक हुपे प्रांतातले. त्यांचा धंदा घरातलाच. बाप माप घेई, मुलगा आतल्या खोलीत कवळी करी. ॲक्रिलिक यायच्या आधी ती कवळी रबराची असे, वाफेच्या दाबाखाली शिजवलेली. पुढे कुणाकडे पाठवायची सोयच नव्हती, त्यामुळे न जमणाऱ्या दाताचा निकाल एकच, उपटा.

शिकलेल्या दंतवैद्यांची वाट कलकत्त्याहून निघाली. अमेरिकेत आयोवा विद्यापीठात शिकून आलेल्या डॉ. रफीउद्दीन अहमद यांनी तिथे १९२० साली देशातलं पहिलं दंत महाविद्यालय काढलं. फातिमा जिना कलकत्त्यातच शिकल्या आणि १९२३ साली त्यांनी मुंबईत दवाखाना थाटला. शिवाय धोबी तलावच्या म्युनिसिपल दवाखान्यात त्या फुकट काम करीत. १९२९ साली भावजय वारली, तेव्हा भावाचं घर सांभाळायला त्या गेल्या आणि दवाखाना बंद झाला. चालवणारी व्यक्ती उठली की दवाखाना उठला, अशीच तेव्हाची रीत. नायर रुग्णालयाचं दंत महाविद्यालय १९३३ चं. तिथून पुढे मुंबईत डेंटिस्ट घडू लागले.

माझ्या धंद्याचा जन्मदाखला मात्र १९४८ च्या डेंटिस्ट कायद्यात आहे. पदवीवाल्यांची नावं ‘अ’ भागात आणि पदवी नसली तरी ठरावीक वर्षं धंदा केलेल्यांची ‘ब’ भागात. अनुभवावर जगणाऱ्या कित्येकांची दुकानं त्या ‘ब’ मुळे वाचली. त्याच कायद्यानं आणखी दोघांना नाव दिलं. दात साफ करणारा हायजिनिस्ट, आणि कवळी बनवणारा-दुरुस्त करणारा मेकॅनिक. खुर्चीशेजारी उभी राहून सिमेंट कालवणारी, घाबरलेल्या पेशंटचा हात धरणारी मुलगी मात्र त्या यादीत नव्हती. दवाखाना खरं तर तिच्या जिवावर चालतो.

आम्ही पेशंटच्या तोंडात हात घालायचा नाही, हे कायद्यानं ठरलं आणि योग्यच ठरलं. पण त्यामुळे मी ज्याचे दात बनवतो त्याचा चेहराच मला दिसेना. सगळं डॉक्टरच्या मनावर. ठाकुरद्वारचे एक म्हातारे डॉक्टर मेणाच्या ट्रायलला मला दवाखान्यात बोलवून घेत आणि म्हणत, ‘तुम्ही दारात उभे राहा आणि लांबून बघा.’ एकदा लादी पुसणाऱ्या मावशींनाही त्यांनी विचारलं. मावशी म्हणाल्या, ‘दात हसतायत, बाई नाही हसत.’ डॉक्टरांनी तिथल्या तिथे मेण गरम केलं आणि पुढचे दात दीड मिलिमीटर वर घेतले. बाईंनी आरसा मागून घेतला. मावशींचं ऐकलं म्हणून डॉक्टरांची पत काही कमी झाली नाही.

उलट मासलेही होते. मापात मागे बुडबुडा राहिलाय हे चिठ्ठीत लिहून परत पाठवलं, तरी ‘आहे तसं करा’ म्हणायचं आणि कवळी हलली की पेशंटसमोर ‘लॅबवाल्यानं घोळ केला’. अशांच्या दवाखान्यात मदतनीस मुली टिकायच्या नाहीत.

पुढे एमडीएस या पदव्युत्तर पदवीच्या नऊ शाखा झाल्या आणि तज्ज्ञाकडे पेशंट पाठवण्याचा खरा प्रश्न आला. मुंबईनं त्यावर आपलाच तोडगा काढला, पेशंट जागेवर आणि तज्ज्ञ लोकलनं. अक्कलदाढवाले सर्जन बुधवारी, रूट कॅनालवाल्या मॅडम शुक्रवारी, प्रत्येकाची आपापली बॅग. पेशंटला ओळखीची खुर्ची सुटत नाही हे खरंच. पण बाहेर पाठवलेला पेशंट परत येईलच याची खात्री नसते, हेही तितकंच खरं. शिवाय चिठ्ठीमागचा ‘कट’, म्हणजे पेशंट पाठवण्याचं कमिशन, होताच. १९७६ च्या आचारसंहितेनं तो निषिद्ध ठरवला आणि लोक त्याबद्दल हळू आवाजात बोलू लागले. बुधवारच्या सर्जनला मात्र रात्री आलेली सूज कधी दिसत नाही. फोन दवाखान्याच्या मालकालाच येतो.

इम्प्लांट आल्यावर हे सगळं आमच्या टेबलावर येऊन आदळलं. सर्जन हाड मिळेल तिथे स्क्रू बसवी, डॉक्टर माप पाठवी, आणि दात ओठाच्या बाहेर येतोय हे कळायचं मला, सगळ्यात शेवटी. लॅब मुलाकडे सोपवायच्या सुमारास एक तरुण सर्जन पेशंटचं मॉडेल घेऊन स्वतः जिना चढून आला. ‘काका, दात कुठे बसवणार ते आधी मेणात दाखवा, मग मी भोक कुठे पाडायचं ते ठरवतो.’ त्याच्यासाठी मी शनिवारची बाकी सगळी कामं बाजूला ठेवली.