कोकणातली उन्हाळी आणि परदेशी अभ्यासक

माघी पौर्णिमेच्या सुमारास उळवीच्या चन्नबसवेश्वराच्या जत्रेला बेळगाव-धारवाडकडून बैलगाड्या येतात. बाराव्या शतकात कल्याणहून निघालेले शरण याच जोयड्याच्या रानात येऊन विसावले. इथले झरे थंडगार. पण समुद्राच्या अंगाने उत्तरेला गेले, की राजापूरजवळ उन्हाळे गावात जमिनीतून ऊन पाणी निघते. हे कसे, असे मुले वर्गात विचारतात आणि दुसरे कोणीतरी लगेच 'ज्वालामुखी' म्हणून मोकळे होते. ते खरे नव्हे. दख्खनचा काळा कातळ साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचा, त्याची धग केव्हाच निवाली. पावसाचे पाणी भेगांतून खोल मुरते, पृथ्वीच्या पोटातल्या उष्णतेने तापते आणि दुसऱ्या भेगेतून वर येते.

या पाण्याच्या अभ्यासाला परदेशी हात लागले ते फार पूर्वी. १८६४ साली रॉबर्ट श्लागिन्टवाइट या जर्मन प्रवाशाने हिंदुस्थानातील उष्ण झऱ्यांची यादी कलकत्त्याच्या एशियाटिक सोसायटीच्या नियतकालिकात छापली. पुढे आयरिश भूवैज्ञानिक थॉमस ओल्डहॅम यांची त्याहून मोठी यादी त्यांच्या निधनानंतर, १८८२ साली, त्यांच्या मुलाने प्रसिद्ध केली. आमचा कारवार जिल्हाही तेव्हा रत्नागिरीप्रमाणे मुंबई इलाख्यातच होता.

इटलीत लार्देरेल्लो येथे १९०४ साली जमिनीतल्या वाफेवर पाच दिवे पेटले. त्याच देशातले आंजेलो मिनिस्साले आणि मुंबईच्या आय. आय. टी.चे प्रा. चंद्रशेखरम् यांनी सहकाऱ्यांसह पश्चिम किनाऱ्यावरील झऱ्यांचे पाणी व वायू तपासून २००० साली निबंध प्रसिद्ध केला. देवाणघेवाण म्हणतात ती ही. आइसलँडमध्ये तर १९७९पासून विकसनशील देशांतील अभ्यासकांना सहा-सहा महिने हेच शास्त्र शिकवले जाते.

पण या व्यवहारात गावाच्या वाट्याला काय येते? पाण्याच्या बाटल्या प्रयोगशाळेत जातात, निष्कर्ष इंग्रजीत छापले जातात आणि कुंडाची निगा राखणाऱ्या माणसाला आपले पाणी कुठून येते हे कोणी सांगत नाही. आता भूपर्यटनाचे वारे आहे. माझ्या मते त्याची सुरुवात हॉटेलापासून करू नये. कुंडाजवळ पाण्याचे तापमान, क्षार आणि त्याचा भूगर्भातला प्रवास सांगणारा फलक आधी लागावा. तो मराठीत असावा आणि, घाटावरून येणाऱ्या आपल्या कानडी भाविकांसाठी, कन्नडमध्येही.