तारेवाचून जोडणी

लॅपटॉपसाठी बिनतारी अडॅप्टर घ्यायला गेलात, की दुकानदार विचारतो, "सिंगल बँड देऊ की ड्युअल बँड?" आपण किंमत बघतो आणि स्वस्तातला उचलतो. पण या प्रश्नामागे थोडा इतिहास आहे. तो ठाऊक असला, तर खिशातले चार पैसे वाचतात.

१९८५ साली अमेरिकेच्या दळणवळण आयोगाने काही लहरपट्टे कमी शक्तीच्या संदेशयंत्रांसाठी परवान्यावाचून मोकळे केले. त्यांतला एक २.४ गिगाहर्ट्‌झचा. हे पट्टे म्हणजे गावाबाहेरचे पडीक रानच! मायक्रोवेव्ह भट्ट्यांचा गोंगाटही तिथेच. म्हणून तर ते असे फुकट मिळाले. एनसीआर कंपनीच्या हॉलंडमधील मंडळींना दुकानांतली गल्लायंत्रे तारेवाचून जोडायची होती. त्यांनी हे रान कसायला घेतले. त्यांच्यातलेच व्हिक हेझ पुढे मानक ठरविणाऱ्या समितीचे अध्यक्ष झाले. १९९७ मध्ये ८०२.११ हे मानक आले. गती किती, तर सेकंदाला जास्तीत जास्त दोन मेगाबिट.

खरा घोळ झाला तो १९९९ साली. एकाच वर्षी दोन भावंडे जन्मली. 'ए' हे ५ गिगाहर्ट्‌झवर ५४ मेगाबिट धावणारे, तर 'बी' हे २.४ वर ११ मेगाबिटचे. दोघांची एकमेकांशी बोलचाल नाही! 'बी' स्वस्त आणि बाजारात आधी आलेले. त्याच वर्षी अ‍ॅपलने आपल्या आयबुकमध्ये त्याचीच सोय केली. झाले, सारे जग त्या पडीक रानात राहायला गेले. आपल्याकडे हा पट्टा २००५ साली परवानामुक्त झाला.

आता तिथली गर्दी पहा. एकमेकांच्या अंगावर न येणाऱ्या वाटा जेमतेम तीन: १, ६ आणि ११. इमारतीत वीस बिऱ्हाडे, प्रत्येकाचा राऊटर; मग गती रखडायचीच. ५ गिगाहर्ट्‌झवर जागा ऐसपैस आहे. मात्र जाड भिंतीपुढे त्या लहरी लवकर दमतात. ड्युअल बँडमध्ये दोन्ही वाटा मिळतात, म्हणून मी तोच घ्या म्हणेन.

खोक्यावरच्या मोठ्या आकड्याला मात्र भुलू नका. पुष्कळदा ती दोन्ही पट्ट्यांची बेरीज असते. शिवाय यूएसबी २ च्या खाचेतून सेकंदाला ४८० मेगाबिटपलीकडे काही जात नाही. आणि घरातला राऊटरच फक्त २.४ चा असेल, तर आधी तो बदला, अडॅप्टर मागाहून.