सातपुड्याच्या सिनेमाची कुळकथा

काशाच्या थाळीच्या मधोमध मेण लावायचं आणि त्या मेणात एक बारीक काडी उभी करायची. काडीवरून बोटं वरून खाली ओढली की थाळी गुणगुणू लागते. त्या अखंड सुरावर सांगणारा कथा धरतो, ती कधी धान्यदेवता कणसरीची असते, कधी देवांची, कधी पूर्वजांची. नवापूरच्या पट्ट्यात आणि त्याला लागून असलेल्या गुजरातच्या डांगात कोकणी आदिवासी समाजानं हे थाळगान जपलं आहे. उत्तरेला सातपुड्यात इंदलच्या पूजेच्या रात्री पुजारा गायणं गातो, तेव्हा सृष्टी कशी घडली इथपासून सुरुवात होते आणि उजाडेपर्यंत ती संपत नाही. नंदुरबार जिल्ह्यातल्या आदिवासी जीवनावरच्या चित्रपटाचं मूळ शोधायचं झालं तर मला आधी या सांगणाऱ्यांची नावं घ्यावीशी वाटतात. कॅमेरा खूप नंतर आला, आणि आला तो दुसऱ्यांच्या हातात.

मराठी माणसाला सिनेमा लवकर मिळाला. त्र्यंबकेश्वरला जन्मलेल्या दादासाहेब फाळक्यांनी १९१२मध्ये लंडन गाठलं, तंत्र शिकून घेतलं आणि १९१३च्या मे महिन्यात गिरगावच्या कोरोनेशनमध्ये ‘राजा हरिश्चंद्र’ लावला. परक्यांचं राज्य असताना इथल्या माणसानं इथली कथा इथल्या माणसांसाठी पडद्यावर आणली. सहाराच्या दक्षिणेकडच्या आफ्रिकेला यासाठी आणखी जवळपास पन्नास वर्षं थांबावं लागलं. आफ्रिकेची ती कहाणी नंदुरबारच्या वाचकानं नीट ऐकावी असं मला वाटतं, कारण सातपुड्याच्या सिनेमाची वाट फाळक्यांच्या वाटेपेक्षा तिच्याशी अधिक जुळते.

१९३४ साली फ्रान्सचे वसाहतमंत्री पिएर लावाल यांच्या नावानं एक फर्मान निघालं. फ्रेंच आफ्रिकेत चित्रीकरण करायचं तर सरकारची परवानगी हवी. पॉलिन सुमानू विएरा हा दाहोमीत, म्हणजे आजच्या बेनिनमध्ये जन्मलेला तरुण पॅरिसमध्ये सिनेमाचं रीतसर शिक्षण घेऊन तयार झाला, तरी त्याला आफ्रिकेत चित्रीकरण करता आलं नाही. मग १९५५मध्ये त्यानं आणि त्याच्या साथीदारांनी पॅरिसमध्येच, सेन नदीच्या काठी राहणाऱ्या आफ्रिकी लोकांवर ‘आफ्रिक-सुर-सेन’ ही छोटी फिल्म केली. गोऱ्यांचे कॅमेरे मात्र आफ्रिकेत सर्वत्र फिरत होते. नाच, मुखवटे, शिकार सगळं टिपलं जात होतं. ज्यांचं टिपलं जात होतं त्यांचा शब्द त्यात नव्हता.

सेनेगलचा उस्मान सेम्बेन मार्सेच्या गोदीत हमाली करत कादंबरीकार झाला. आपली पुस्तकं आपल्याच माणसांना वाचता येत नाहीत हे उमगल्यावर चाळिशीच्या उंबरठ्यावर तो मॉस्कोला गेला, सिनेमा शिकला आणि १९६३मध्ये ‘बोरोम सारेत’ घेऊन उभा राहिला. वीसेक मिनिटांची ही फिल्म डाकार शहरातल्या एका गाडीवाल्याच्या एका दिवसाची आहे. हातात आलेली कमाई तो एका ग्रिओला देऊन टाकतो, कारण तो ग्रिओ त्याच्या शूर पूर्वजांचे गोडवे गातो. ग्रिओ म्हणजे आपल्याकडच्या वंशावळी सांगणाऱ्या भाटासारखा, पिढ्यांचा इतिहास पाठ असलेला गवई. घरी पोरंबाळं उपाशी आहेत आणि हातातले पैसे कुळाच्या अभिमानावर उधळले जातात. सेम्बेननं आपल्या परंपरेवर माया केली, पण तिची भीड ठेवली नाही. हे धाडस बाहेरच्या कॅमेऱ्याला शोभलं नसतं. घरच्या माणसालाच तो हक्क असतो.

तरीही ‘बोरोम सारेत’मधला आवाज फ्रेंचमध्ये होता. १९६६च्या ‘ला न्वार द...’मध्येही तसंच झालं. फ्रान्समध्ये मोलकरीण म्हणून गेलेली दिऊआना मालकिणीपुढे गप्प असते आणि तिच्या मनातलं आपल्याला ऐकू येतं तेही फ्रेंचमधून. १९६८च्या ‘मांदाबी’त पहिल्यांदा सेम्बेनची माणसं आपल्या वोलोफ भाषेत भांडली, हसली, कुरकुरली. माझ्या लेखी आफ्रिकी सिनेमाचं खरं बारसं तिथे झालं.

दिऊआनाची शांतता मराठी प्रेक्षकाला अनोळखी नाही. विजय तेंडुलकरांनी लिहिलेल्या आणि गोविंद निहलानींनी दिग्दर्शित केलेल्या ‘आक्रोश’मध्ये (१९८०) ओम पुरींचा लहान्या भिकू हा आदिवासी जवळजवळ अख्खा चित्रपट तोंड उघडत नाही. शेवटी फुटते ती किंकाळी. तो चित्रपट थोर आहे आणि ते मौन विचार करून योजलेलं आहे. पण आपल्या पडद्यावरचा सर्वांत लक्षात राहिलेला आदिवासी बोलतच नाही, ही गोष्ट मला कधी स्वस्थ बसू देत नाही.

नंदुरबारच्या डोंगरात कॅमेरे खऱ्या अर्थानं पोचले ते नर्मदेमुळे. नदीवरच्या सरदार सरोवर धरणाच्या बुडितात अक्कलकुवा आणि अक्राणी या दोन तालुक्यांतली ३३ गावं येत होती. त्यातलं मणिबेली जगाला ठाऊक झालं. मोठ्या धरणांना जागतिक बँकेनं पैसा देऊ नये असं म्हणणाऱ्या १९९४च्या ज्या जाहीरनाम्यावर ४४ देशांतल्या ३२६ संघटनांनी सह्या केल्या, त्याला मणिबेलीचंच नाव आहे. त्याच वर्षी कॅनडात राहणाऱ्या अली काझिमींचा नर्मदेवरचा माहितीपट आला. १९९५मध्ये आनंद पटवर्धन आणि सीमंतिनी धुरू यांची ‘नर्मदा डायरी’ आली. २००२मध्ये संजय काक यांचा ‘वर्ड्स ऑन वॉटर’ आणि इंग्लंडच्या फ्रॅनी आर्मस्ट्राँगचा ‘ड्राउन्ड आउट’ हे दोन आले. आर्मस्ट्राँगची फिल्म नंदुरबारमधल्या डोमखेडीच्या समोरच्या काठावरच्या, मध्य प्रदेशातल्या जलसिंधीच्या एका कुटुंबाबरोबर राहते. या मंडळींनी जीव ओतून काम केलं. आज पाण्याखाली असलेली शेतं आणि घरं त्यांच्यामुळेच पाहायला मिळतात, आणि त्यांचे उपकार मानायला मला अजिबात संकोच नाही. या फिल्म धरणाविरुद्धच्या लढ्याच्या होत्या. त्यांना दिल्लीशी, वॉशिंग्टनशी बोलायचं होतं, म्हणून त्या मुख्यतः इंग्रजी-हिंदीत बोलल्या. गायणं गाणाऱ्या पुजाऱ्याची रात्र पहाटेपर्यंत दाखवायला त्यांना सवड नव्हती.

धडगावच्या बिलगावची गोष्ट तर आणखी लांब गेली. उदय नदीच्या धबधब्यावर गावकऱ्यांच्या श्रमदानातून २००३मध्ये १५ किलोवॅटचा छोटा वीजप्रकल्प उभा राहिला. आशुतोष गोवारीकरांच्या ‘स्वदेस’मागच्या (२००४) प्रेरणांत या प्रकल्पाचं नाव घेतलं जातं. चित्रपटाचं चित्रीकरण मात्र वाईजवळच्या मेणवलीत झालं, पडद्यावरचं गाव उत्तर प्रदेशातलं ठरलं आणि भाषा हिंदी राहिली. देशभरच्या प्रेक्षकांना पाण्यावर पेटलेला दिवा दिसला. बिलगावची बोली त्यांच्या कानावर आली नाही.

आता पुन्हा आफ्रिकेकडे जातो, कारण पुढची पायरी तिथे दिसते. बुर्किना फासोच्या दानी कुयाते यांनी १९९५मध्ये ‘केइता’ केला. एक म्हातारा ग्रिओ गावाकडून शहरात येतो आणि माबो नावाच्या शाळकरी पोराला त्याच्या आडनावाची कुळकथा सांगू लागतो. ती आहे तेराव्या शतकात मालीचं साम्राज्य उभारणाऱ्या सुंदियाता केइताची. पोरगा कथेत इतका रमतो की शाळा मागे पडते, मास्तर चिडतात, आईबापांत वाद होतात. ग्रिओची भूमिका दिग्दर्शकाच्या वडिलांनी, सोतिगी कुयाते यांनी केली आणि ते घराणंच ग्रिओंचं. सांगणाऱ्याच्या मुलानं कॅमेरा हातात घेतला आणि कथेचा सूर सुटला नाही.

माबोच्या जागी मला तोरणमाळच्या किंवा मोलगीच्या आश्रमशाळेतलं पोर दिसतं. घरात पावरी किंवा भिलोरी, वर्गात पुस्तकी मराठी आणि सुट्टीत गावी गेल्यावर आजोबांच्या तोंडून गायणं. त्याच्याकडे आज मोबाइल आहे. रोडालीची गाणी, होळीतल्या बुध्यांचे नाच, लग्नांची चित्रणं पावरी, मावची, देहवलीत रोज फोनवरून फिरतात. परवानगी देणारा लावाल उरलेला नाही. तीन मिनिटांच्या गाण्यापुढे जाऊन कणसरीची अख्खी कथा, किंवा सत्तरच्या दशकातल्या शहाद्याच्या आदिवासी शेतमजुरांच्या लढ्याची, त्याचे नेते अंबरसिंग यांची कथा त्या भाषांत पडद्यावर यायला हवी. त्यासाठी प्रेक्षक जमवणारी जागा लागते.

बुर्किना फासोच्या वागादुगूत १९६९पासून फेस्पाको हा आफ्रिकी चित्रपटांचा महोत्सव भरतो. तिथला सर्वोच्च पुरस्कार म्हणजे घोडा, लोककथेतल्या येनेंगा राजकन्येचा. शहादा तालुक्यात तापीकाठी सारंगखेड्याला दत्तजयंतीला घोड्यांचा एवढा मोठा बाजार भरतो, पालं-तंबू पडतात, शेजारच्या राज्यांतलेही लोक येतात. तिथे एका पालात रात्री पडदा बांधावा आणि फक्त जिल्ह्यातल्या बोलींमधल्या फिल्म दाखवाव्यात, उत्तम फिल्मला घोड्याचीच प्रतिमा द्यावी. पहिल्या वर्षी चारच आल्या आणि त्या छोट्या असल्या तरी चालेल. ‘बोरोम सारेत’ही वीस मिनिटांचीच होती.