न संपणारें घर

‘घर पाहावें बांधून आणि लग्न पाहावें करून’ ही म्हण मराठी घरांत इतक्या वेळां उच्चारली जाते कीं, तिच्यांतील इशारा आतां कोणाच्या कानाला बोचत नाहीं. लग्नाचा मांडव चार दिवसांत उतरतो आणि त्याचा जमाखर्च बरावाईट कसाहि मिटतो. घराचें तसें नाहीं. पाया घालतांना झालेली चूक भिंतींत जाते, भिंतींतून छपरांत चढते आणि अखेर मालकाच्या खातेवहींत उतरते. अशा चुका केवळ अडाणी किंवा उतावळ्या माणसाच्या हातून होतात, अशी एक समजूत आहे. ती खोटी ठरविण्यास अमेरिकेंतील एका घराचा इतिहास पुरेसा आहे. तें घर बांधणारा मनुष्य आपल्या काळच्या अत्यंत बहुश्रुत पुरुषांपैकीं एक होता. जागा त्याची, लाकूड त्याचें, विटांची माती त्याची आणि नकाशाहि त्याचाच. तरी त्या घराचें बांधकाम चाळीस वर्षें चाललें, आणि मालकाच्या मृत्यूनंतर पांच-सहा वर्षांतच तें त्याच्या वारसांच्या हातून गेलें.

हा पुरुष म्हणजे टॉमस जेफर्सन. १७७६ सालच्या अमेरिकन स्वातंत्र्याच्या जाहीरनाम्याचा कर्ता आणि १८०१ ते १८०९ या काळांत त्या राष्ट्राचा तिसरा अध्यक्ष म्हणून त्याचें नांव शाळेंतील मुलांनाहि माहीत असतें. त्याचा जन्म १७४३ सालीं व्हर्जिनिया प्रांतांत झाला. तो चौदा वर्षांचा असतांना वडील वारले आणि पुढें मोठी शेतीवाडी त्याच्याकडे आली. तिच्यांतील एका टेकडीवर त्याचा जीव जडला होता. तिला त्यानें मॉन्टिचेलो असें इटालियन नांव दिलें. ‘लहानसा डोंगर’ असा त्याचा अर्थ. सोळाव्या शतकांतील इटालियन शिल्पज्ञ पॅलाडिओ याचे ग्रंथ अभ्यासून त्यानें घराचे नकाशे स्वतःच्या हातानें काढले, आणि १७६८ सालीं टेकडीचा माथा खणून सपाट करण्याचें काम सुरू झालें.

पहिली चूक येथेंच झाली. त्या प्रांतांतील मोठे जमीनदार आपलीं घरें बहुधा नदीच्या आसपास बांधीत. तंबाखूचीं पिपें होडींत चढविणें, बाहेरून आलेला माल उतरवून घेणें, पाणी भरणें, हीं सर्व कामें तेथें सोयीचीं होत. जेफर्सननें सोयीपेक्षां देखावा पाहिला. टेकडीवरून दूरवर निळ्या डोंगरांची रांग दिसे आणि तिचें सौंदर्य अवर्णनीय होतें, हें खरें. पण देखाव्यानें घागर भरत नाहीं. १७६९ सालीं विहीर खणण्यांत आली. ती ६५ फूट खोल न्यावी लागली, आणि इतकें करूनहि पावसानें ओढ दिली कीं ती आटे. मग टेकडीच्या उतारावरील झऱ्यांचें पाणी वर वाहून आणावें लागे. चुना मळावयास पाणी, स्वयंपाकास पाणी, गोठ्यांतील जनावरांस पाणी. आणि प्रत्येक पिपामागें चढण ठरलेलीच. सुमारें चाळीस वर्षांनीं पावसाचें पाणी सांठविण्यासाठीं चार हौद बांधले, परंतु त्यांच्या भिंती पाणी धरीनात. ज्या गोष्टीचा विचार पहिल्या दिवशीं व्हावयाचा, ती मालकाच्या म्हातारपणापर्यंत तशीच लोंबकळत राहिली.

१७७० च्या फेब्रुवारींत शॅडवेल येथील त्याचें वडिलोपार्जित घर आगींत जळालें आणि त्याबरोबर त्याचीं बहुतेक पुस्तकें व कागदपत्रें गेलीं. त्याच वर्षीं नोव्हेंबरांत तो टेकडीवर राहावयास आला, तेव्हां तेथें विटांची एका खोलीची लहानशी इमारत तेवढी उभी होती. १७७२ च्या जानेवारींत नव्या नवरीला घेऊन, बर्फांतून वाट काढीत तो टेकडी चढला. तिच्या स्वागतालाहि हीच खोली होती. मार्था ही सधन घरची मुलगी. तिनें दहा वर्षें गवंड्यांच्या आणि सुतारांच्या गलबल्यांत संसार केला, सहा मुलांना जन्म दिला आणि ६ सप्टेंबर १७८२ रोजीं ती वारली. त्या वेळीं घर राहण्याजोगें झालें होतें. पुरें झालें नव्हतें. बांधणारा मनुष्य काळाचा हिशेब विटांच्या थरांनीं करीत असतो, पण घरांतील माणसांचें आयुष्य त्या थरांसाठीं थांबून राहत नाहीं.

इतक्यावर तरी बांधकाम थांबावयास हरकत नव्हती. पण १७८४ सालीं जेफर्सन फ्रान्सला गेला आणि पुढें अमेरिकेचा वकील म्हणून १७८९ पर्यंत तेथेंच राहिला. पॅरिसमध्यें सेन नदीच्या कांठीं ‘ओतेल द साल्म’ नांवाचा घुमटाचा वाडा तेव्हां उभा राहत होता. तो वाडा त्याच्या मनांत भरला, आणि परत आल्यावर स्वतःचें घर त्याला जुनाट व ठेंगणें वाटूं लागलें. १७९६ सालीं त्यानें वरचा मजला पाडावयास घेतला. आठ खोल्यांचें घर एकवीस खोल्यांचें करावयाचें आणि वर घुमट चढवावयाचा, असा बेत होता. पाडापाड लौकर झाली, पण उभारणी तेरा वर्षें चालली. १८०२ सालीं मुक्कामास आलेल्या एका पाहुण्या बाईंना दर्शनी दालनांत जमिनीच्या जागीं सुट्या फळ्या टाकलेल्या दिसल्या. तेव्हां मालक अध्यक्ष होऊन राजधानींत राहत होता, आणि टेकडीवरचें काम आयरिश सुतार जेम्स डिन्समोर याच्या हातीं होतें. मापें, नमुने, सूचना व शंका सर्व टपालानें जात-येत. एकानें विचारावयाचें आणि दुसऱ्याचें उत्तर येईपर्यंत रंधा थांबवावयाचा, अशानें काम पुढें किती सरकणार? १८०९ सालीं मुख्य काम उरकलें. तथापि पश्चिमेकडील मंडपाचे खांब पुरे होण्यास आणखी बारा-चौदा वर्षें जावीं लागलीं.

मालकाच्या बुद्धीचें आणि त्याच्या अडचणींचें एकत्र दर्शन त्या घरांतील मोठ्या घड्याळांत होतें. दोरांना बांधलेलीं जड वजनें आठवडाभर हळूहळू खालीं उतरतात आणि भिंतीवर लिहिलेल्या वारांच्या नांवांवरून आजचा वार कळतो, अशी त्याची रचना आहे. घड्याळ फिलाडेल्फियाच्या कारागिराकडून करविलेलें. तें दर्शनी दालनांत लावल्यावर आढळून आलें कीं, दालनाची उंची आठवड्याला पुरत नाहीं! मग जमिनीला भोकें पाडून वजनांना वाट करून दिली, आणि शनिवार गेला तळघरांत. आजहि तेथें शनिवार तळघरांतच उगवतो. ही चूक हंसण्यावारी नेण्याजोगी आहे. जिन्यांची तशी नव्हती. भव्य जिना म्हणजे जागेची उधळपट्टी, असें मालकाचें मत असल्यामुळें त्यानें दोन अरुंद जिने ठेवले. त्यांची रुंदी अवघी २४ इंच आणि चढ उभा. त्या जिन्यांवरून त्याची मुलगी, नातवंडें, पाहुणे व नोकरचाकर वर्षानुवर्षें चढले-उतरले. त्याची स्वतःची निजावयाची खोली आणि पुस्तकांची खोली मात्र खालच्या मजल्यावर होती. ज्या घुमटासाठीं एवढा खटाटोप केला, त्याखालच्या सुरेख अष्टकोनी खोलीकडे जावयास हेच जिने. म्हणून ती खोली क्वचितच वापरली जाई.

असो. त्या घराचे गुण झांकून ठेवणें अन्यायाचें होईल. स्वयंपाकघर, कोठ्या आणि नोकरांच्या खोल्या गच्च्यांखालीं दडवून धूर व गलबला मुख्य घरापासून दूर ठेवण्याची युक्ति, छपरांतून उजेड घेणाऱ्या खिडक्या, खोल्यांची सुबक मांडणी, या गोष्टी पाहून आजचा शिल्पज्ञहि माना डोलावील. १९८७ सालीं युनेस्कोनें जागतिक वारशांत या घराची गणना केली, ती उगीच नव्हे. दोष बुद्धीचा नव्हता. आपल्या बुद्धीला ‘आतां पुरे’ असें सांगणारें कोणी नव्हतें, आणि तें स्वतः सांगण्याची संवय मालकाला नव्हती.

ही संवय नसल्याचा परिणाम पैशाच्या बाबतींत फार कडू झाला. जेफर्सन रोजचा खर्च बारकाईनें टिपून ठेवी, पण एकंदर देणें किती झालें याकडे पाहणें तो टाळी. सगळें कर्ज बांधकामानें झालें असें म्हणतां येत नाहीं. सासऱ्याच्या मृत्यूनंतर जमिनीबरोबर त्याचें जुनें कर्जहि अंगावर आलें होतें. पाहुण्यांचा राबता अखंड होता. पुढें एका स्नेह्याच्या वीस हजार डॉलरांच्या कर्जाला तो जामीन राहिला आणि १८१९ च्या मंदींत तेंहि त्याच्या माथीं बसलें. परंतु हें ओझें डोक्यावर असतांनाच बांधकाम चालूं होतें. एक घर पुरें झालें नाहीं तोंच १८०६ सालीं पॉप्लर फॉरेस्ट येथें दुसऱ्या, अष्टकोनी घराचा पाया घातला गेला. १८१५ सालीं त्यानें आपला ६,४८७ पुस्तकांचा संग्रह २३,९५० डॉलरांना अमेरिकन काँग्रेसला विकला. ते पैसे बहुतांशीं देणेकऱ्यांकडे गेले. ४ जुलै १८२६ रोजीं, जाहीरनाम्याला बरोबर पन्नास वर्षें झालीं त्या दिवशीं, तो वारला. मागें एक लाख सात हजार डॉलरांहून अधिक कर्ज होतें.

तें कर्ज कोणी फेडलें? या प्रश्नाचें उत्तर त्या घराच्या विटांतच आहे. ‘सर्व माणसें समान आहेत’ असें लिहिणाऱ्या या पुरुषाच्या मालकीचीं आयुष्यभरांत सहाशेंहून अधिक गुलाम माणसें होतीं. टेकडी खणण्यांत, विटा भाजण्यांत, लाकूड तासण्यांत त्यांचे हात होते. रोकड मिळावी म्हणून १७९४ सालीं काढलेल्या खिळ्यांच्या कारखान्यांत दहा ते सोळा वर्षांचीं गुलाम मुलें राबत. जॉन हेमिंग्ज हा गुलाम सुतार डिन्समोरच्या हाताखालीं तयार होऊन उत्तम कारागीर झाला. जेफर्सननें मृत्युपत्रांत त्याला स्वातंत्र्य आणि त्याचीं हत्यारें दिलीं. जोसेफ फॉसेट या लोहारालाहि स्वातंत्र्य मिळालें, पण त्याची बायको ईडिथ आणि मुलें त्यांत नव्हतीं. १८२७ च्या जानेवारींत टेकडीवर लिलाव झाला. १३० माणसें विक्रीस असल्याची जाहिरात होती. घरमालकाच्या हौसेची बाकी अशी दुसऱ्यांच्या संसारांतून वसूल झाली.

घर १८३१ सालीं सुमारें सात हजार डॉलरांना विकलें गेलें. काही वर्षांनीं युराया लेव्ही या नौदलाच्या अधिकाऱ्यानें तें घेऊन मोडकळीस आलेल्या वास्तूला सांवरलें. १९२३ सालीं एका संस्थेनें तें सार्वजनिक स्मारक म्हणून विकत घेतलें. त्या लिलावांत विकल्या गेलेल्यांत फॉसेटचा अकरा वर्षांचा मुलगा पीटर होता. तो पुढें स्वतंत्र होऊन सिन्सिनाटी शहरीं धर्मोपदेशक झाला, आणि १९०० सालीं, म्हातारपणीं, ज्या टेकडीवर आपण जन्मलों ती पाहावयास परत आला. तेव्हां तो पाहुणा होता.

घर बांधूं पाहणाऱ्या गृहस्थाला या इतिहासांतून चार प्रश्न मिळतात, आणि ते पहिल्या विटेच्या आधीं विचारण्याजोगे आहेत. पाणी कोठून येणार? जिना कोण चढणार? मी दूर असतांना कारागिराच्या शंकेला उत्तर कोण देणार? आणि हातांत असलेल्या पैशाला घराचा आकार पुरा करतां येत नसेल, तर त्यांतील काय वगळावयाचें? शेवटचा प्रश्न सर्वांत कठीण, कारण त्याचें उत्तर शिल्पज्ञ देत नाहीं, सावकार तर मुळींच देत नाहीं. तें घरधन्यानें घरांतील माणसांच्या तोंडाकडे पाहून स्वतःच द्यावयाचें असतें.