फायटॉफ्थोरा इन्फेस्टन्सचे वनस्पतिसंग्रहांतील नमुने

फायटॉफ्थोरा इन्फेस्टन्स हा बटाट्यावर उशिरा येणारा करपा रोग पाडणारा परजीवी आहे. त्याची लागण झालेली बटाट्याची पाने दाबून, वाळवून जगातील अनेक वनस्पतिसंग्रहांत (हर्बेरियम) जतन केलेली आहेत. त्यांतील सर्वांत जुने नमुने १८४० च्या दशकातील, म्हणजे आयर्लंडमधील भीषण दुष्काळाच्या काळातील आहेत. या दुष्काळात (१८४५-५२) सुमारे १० लाख माणसे मृत्युमुखी पडली.

नाव व वर्गीकरण

१८४५ मध्ये फ्रेंच कवकशास्त्रज्ञ मोंताञ यांनी या परजीवीस बोट्रायटिस इन्फेस्टन्स असे नाव दिले. त्या वेळी अनेक जाणकार पिकाच्या नाशाचे कारण ओलसर हवामान मानीत आणि बुरशी हा कुजण्याचा केवळ परिणाम समजत. इंग्लंडमधील माइल्स जोसेफ बर्कली यांनी १८४६ मध्ये बुरशी हेच मूळ कारण असल्याचे प्रतिपादन केले. आंटोन द बारी यांनी प्रयोगांनी ते सिद्ध केले व १८७६ मध्ये सध्याचे नाव दिले. आज हा जीव खऱ्या कवकांत न गणता कवकसदृश ऊमायसीट गटात समाविष्ट केला जातो.

नोंदीचे स्वरूप

नमुन्यासोबतच्या चिठ्ठीवर सामान्यतः परजीवीचे नाव, आश्रयी वनस्पती, स्थळ, दिनांक व संग्राहकाचे नाव असते. जुन्या चिठ्ठ्यांवर बोट्रायटिस किंवा पेरोनोस्पोरा ही प्रजातिनामे आढळतात. त्यामुळे नोंदी शोधताना जुनी नावेही पाहावी लागतात. स्थळ व दिनांक नसल्यास रोगाच्या प्रसाराचा अभ्यास करताना नमुन्याचा उपयोग फारच मर्यादित राहतो.

संशोधनातील महत्त्व

दुष्काळास यूएस-१ हा प्रभेद कारणीभूत असावा, असे पूर्वी मानले जाई. २००१ मध्ये जुन्या नमुन्यांतील डीएनएच्या तपासणीवरून या मताविषयी शंका निर्माण झाली. २०१३ मध्ये लंडनजवळील क्यू आणि जर्मनीतील म्यूनिक येथील संग्रहांमधल्या १९ व्या शतकातील नमुन्यांच्या जनुकसंचाचे वाचन प्रसिद्ध झाले. त्यातून यूएस-१ शी जवळचे नाते असलेला, परंतु वेगळा असा हर्ब-१ हा प्रभेद उघड झाला. हर्बेरियमवरूनच त्याचे नाव ठेवण्यात आले.

अशा तपासणीसाठी पानाचा लहानसा तुकडा खर्ची पडतो आणि तो पुन्हा मिळवता येत नाही. म्हणून नमुना देताना संग्रहालये काटेकोर नियम पाळतात.