पदवी विद्यापीठाची, मान्यता परिषदेची

विद्यापीठाने पदवी दिली म्हणजे त्या पदवीच्या बळावर व्यवसाय करता येतोच, हा सार्वत्रिक समज काही अभ्यासक्रमांच्या बाबतीत चुकीचा ठरतो. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या १९५६ च्या कायद्यानुसार पदवी प्रदान करण्याचा अधिकार विद्यापीठे, अभिमत विद्यापीठे आणि संसदेने खास अधिकार दिलेल्या संस्थांनाच आहे. इतिहास वा अर्थशास्त्राच्या पदवीधराला एवढे पुरते. वकील, डॉक्टर, फार्मासिस्ट किंवा आर्किटेक्ट होऊ इच्छिणाऱ्याला मात्र आणखी एक उंबरठा ओलांडावा लागतो. या व्यवसायांत अपुऱ्या शिक्षणाची किंमत अशिलाला, रुग्णाला किंवा इमारतीत राहणाऱ्याला मोजावी लागते. म्हणूनच तेथील शिक्षणाचा किमान दर्जा ठरविण्याचे काम संसदेने स्वतंत्र कायदे करून व्यावसायिक परिषदांकडे सोपविले आहे.

कायदे आणि परिषदा

फार्मसी कौन्सिल ऑफ इंडिया १९४८ च्या, बार कौन्सिल ऑफ इंडिया १९६१ च्या, तर कौन्सिल ऑफ आर्किटेक्चर १९७२ च्या कायद्यान्वये काम करते. वैद्यकीय शिक्षणाची सूत्रे सप्टेंबर २०२० पासून राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाकडे आहेत. प्रवेशाची पात्रता, अभ्यासक्रमाचा कालावधी, शिक्षकांची संख्या व अर्हता, प्रयोगशाळा, ग्रंथालय आणि परीक्षा यांचे निकष अशा संस्था ठरवितात. फार्मसी कायद्यानुसार निरीक्षकाला परीक्षेच्या वेळी उपस्थित राहता येते; परीक्षेच्या कामात हस्तक्षेप मात्र करता येत नाही. त्याने पाहावे आणि अहवाल द्यावा, एवढेच अपेक्षित असते. दर्जा घसरल्याचे आढळल्यास मान्यता काढून घेण्याची तरतूदही या कायद्यांत आहे.

विधी शाखेत याखेरीज एक टप्पा अधिक आहे. बार कौन्सिलने २०१० मध्ये अखिल भारतीय बार परीक्षा लागू केली. महाविद्यालयांची तपासणी होऊनही पदवीधरांचा दर्जा एकसारखा राहत नाही, ही त्यामागची अडचण होती. सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने फेब्रुवारी २०२३ मध्ये ही परीक्षा घेण्याचा कौन्सिलचा अधिकार वैध ठरविला.

महाराष्ट्रातून गेलेले दोन वाद

एकाच महाविद्यालयावर दोन नियामकांचा अंमल असेल आणि त्यांचे मत जुळत नसेल, तर काय करायचे? हा प्रश्न महाराष्ट्रातील दोन संस्थांच्या प्रकरणांमुळे सर्वोच्च न्यायालयापुढे आला. अखिल भारतीय तंत्रशिक्षण परिषदेच्या १९८७ च्या कायद्यात तंत्रशिक्षणाच्या व्याख्येत आर्किटेक्चर आणि फार्मसी या दोन्ही शाखांचा समावेश होता. त्यामुळे महाविद्यालयांना दोन दारे ठोठवावी लागत. कोल्हापूरच्या आर्किटेक्चर महाविद्यालयाच्या प्रकरणात न्यायालयाने २०१९ मध्ये कौन्सिल ऑफ आर्किटेक्चरचा शब्द अंतिम मानला. विदर्भातील फार्मसी संस्थेच्या प्रकरणात मार्च २०२० मध्ये फार्मसी कौन्सिलच्या बाजूने निकाल लागला. एका व्यवसायापुरता केलेला विशेष कायदा सर्वसाधारण कायद्यावर मात करतो, हे त्यामागील सूत्र होते.

तपासणीच्या मर्यादा

परिषदेची मान्यता ही किमान दर्जाची हमी असते, उत्कृष्टतेची नव्हे. शिवाय तपासणाऱ्यांची तपासणी कोणी करावी, हा प्रश्न उरतोच. २०१० मध्ये भारतीय वैद्यक परिषदेच्या तत्कालीन अध्यक्षांना एका महाविद्यालयाच्या मान्यतेसंबंधीच्या लाचखोरीच्या आरोपावरून अटक झाली आणि केंद्र सरकारने परिषदच बरखास्त केली. पुढे २०१९ च्या कायद्याने पदवी शिक्षण, पदव्युत्तर शिक्षण, मूल्यमापन आणि नोंदणी यांसाठी चार स्वायत्त मंडळे नेमण्यात आली. निकष ठरविणारा आणि तपासणारा एकच नसावा, हा त्यामागील विचार होता. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने हाच विचार पुढे नेत उच्च शिक्षणासाठी एकच आयोग सुचविला; मात्र वैद्यकीय आणि विधी शिक्षण त्यातून वगळले.

प्रवेशापूर्वी काय पाहावे?

महाविद्यालयाच्या माहितीपत्रकावर ‘नॅक’ची श्रेणी ठळकपणे छापलेली असते. १९९४ साली स्थापन झालेली ही परिषद प्रामुख्याने संपूर्ण संस्थेचे मूल्यमापन करते. तिची श्रेणी व्यावसायिक परिषदेच्या मान्यतेची जागा घेऊ शकत नाही. तेव्हा प्रवेश घेताना तीन गोष्टी ताडून पाहणे हिताचे ठरते: विद्यापीठाला पदवी देण्याचा अधिकार आहे काय, संबंधित परिषदेच्या यादीत त्या महाविद्यालयाचा तोच अभ्यासक्रम आहे काय, आणि ही मान्यता कोणत्या शैक्षणिक वर्षासाठी व किती जागांसाठी आहे. गतवर्षीची मान्यता यंदा असेलच असे नाही, आणि साठ जागांची मान्यता एकसष्टाव्या विद्यार्थ्याच्या उपयोगाची नाही.

नियामकांतील वाद न्यायालयात वर्षानुवर्षे चालू शकतात. विद्यार्थ्याच्या हाती मात्र अभ्यासक्रमाची तीन, चार किंवा पाच वर्षेच असतात. ती संपल्यावर नोंदणीच्या अर्जाशी मान्यतेचा पेच उभा राहिला, तर पदवी प्रमाणपत्र खरे असूनही व्यवसायाचे दार बंदच राहते.