घरून खाद्यव्यवसाय : नोंदणी आणि भांडवल

आपल्या अनेक भगिनी घरीच मसाला, शेवया, समोसे, बिर्याणीच्या ऑर्डर घेतात. हात चांगला असतो, पण हिशोब आणि कागद राहून जातात.

हिशोब : आधी एकच पदार्थ निवडा आणि महिनाभर ओळखीत विका. माल, गॅस, डबे यांच्या खर्चात स्वतःची मजुरीही धरा. ती सोडली तर नुकसानही नफ्यासारखं दिसतं.

नोंदणी : खाद्यपदार्थ घरून विकले तरी एफएसएसएआयची नोंदणी लागते. छोट्या व्यवसायाला लायसनऐवजी साधी नोंदणी पुरते. ‘उद्यम’ नोंदणी आधार क्रमांकावर ऑनलाइन आणि मोफत होते. त्यासाठी एजंटला हजारो रुपये देऊ नका.

भांडवल : 2015 मध्ये सुरू झालेल्या मुद्रा योजनेच्या ‘शिशु’ गटात 50,000 रुपयांपर्यंत विनातारण कर्ज मिळतं, पण त्यावर व्याज असतं. व्याज टाळायचं असेल तर बचत, नातेवाइकांकडून कर्ज-ए-हसना किंवा भागीदारी हे मार्ग आहेत. भागीदारीत नफ्याचं प्रमाण आधीच ठरवा. पैसे देणाऱ्याला दरमहा ठरलेली रक्कम देणं ही भागीदारी नव्हे, ते व्याजच झालं.

भावाकडून घेतले तरी लिहून घ्या. सूरह अल-बकराच्या 282 व्या आयतीत उधारी लिहून ठेवायला आणि साक्षीदार घ्यायला सांगितलं आहे. रक्कम, परतीची तारीख, दोन सह्या एवढं केलं तरी नातं टिकतं.